गाडी तुम्हाला जागेवर गृहीत धरते

गेल्या दहा-बारा वर्षांत गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी शोरूममध्ये ॲव्हरेज किती, डिकी केवढी आणि पुढे विकताना किंमत किती येईल, एवढ्यावर बोलणे संपायचे. आता एअरबॅग किती आणि तारे किती हेही विचारले जाते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आदळवून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्या निकालाची बरीच चर्चा झाली. पुढे नियम कडक झाले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली, आणि आज मध्यम किमतीच्या गाडीतही सहा एअरबॅग मिळतात. हा बदल मोलाचा आहे. पण सहा एअरबॅगचा आग्रह धरून घेतलेल्या त्याच गाडीत मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले असतात, बाळ आईच्या मांडीवर असते आणि शेजारी बसलेला माणूस पाय डॅशबोर्डवर टाकून झोपलेला असतो. या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. गाडीतली प्रत्येक सुरक्षा यंत्रणा एक गोष्ट गृहीत धरून आखलेली असते: धडकेच्या क्षणी माणूस आपल्या सीटवर, पाठ टेकून, पट्ट्यात बसलेला आहे. बाकी सारे कारखाना देतो. ही एवढी गोष्ट आपणच पुरवायची असते, आणि ती नसेल तर पैसे मोजून घेतलेली उरलेली व्यवस्था निम्मी-अर्धी निकामी होते, कधी उलटतेही.

हे का, ते समजण्यासाठी धडकेत नेमके काय होते ते पाहावे लागेल. अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच आघात येतो, पण प्रत्यक्षात तीन धडका होतात. पहिली गाडीची: ती ट्रकवर, झाडावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळते आणि थांबते. आतला माणूस मात्र गाडीला जोडलेला नसतो. गाडी थांबली तरी तो मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतो. ही दुसरी धडक. तिसरी शरीराच्या आत होते: छाती थांबते, पण हृदय, यकृत, मेंदू पुढे सरकत राहतात आणि बरगड्यांवर, कवटीवर आदळतात, हृदयातून निघणारी महाधमनी फाटते ती याच क्षणी. वरून फारसे खरचटलेले नाही, बोलता-चालता माणूस, आणि काही तासांत तो दगावतो, अशा प्रसंगांमागे पुष्कळदा ही तिसरी धडक असते. म्हणून मोठ्या धडकेनंतर कितीही ठीक वाटले तरी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे. आता थोडा हिशेब. ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला गावातला, निवांत वाटतो. तो सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतो, आणि त्या वेगाने आदळणे म्हणजे साधारण ३२ फुटांवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. गच्चीवरून पडणारा माणूस फरशीवर पडला काय किंवा ताणून धरलेल्या जाळीवर पडला काय, वेग तोच. फरक पडतो तो थांबायला मिळालेल्या अंतराचा. या वेगावरून शून्यावर यायला ६० सेंटिमीटर मिळाले तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. तेच थांबणे १० सेंटिमीटरमध्ये झाले तर जोर सुमारे १०० पट होतो. पहिल्यातून माणूस बरगड्या दुखावून का होईना, बहुधा उठतो. दुसऱ्यातून बहुधा उठत नाही. थांबण्याचे अंतर वाढवायचे आणि जोर शरीराच्या मजबूत हाडांवर पसरवायचा, या दोन कामांसाठीच गाडीतली सगळी रचना आहे.

अंतर मिळवण्याचे पहिले काम गाडीचे नाक करते. मर्सिडीज-बेन्झचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक कल्पना मांडली. गाडी सगळीकडे सारखीच टणक करण्यापेक्षा पुढचा आणि मागचा भाग ठरवून चुरगळेल असा करावा, आणि माणसे बसतात तो मधला भाग मात्र पिंजऱ्यासारखा अभेद्य ठेवावा. १९५९ मध्ये ही रचना बाजारातल्या गाडीत आली आणि आज ती सर्वत्र आहे. बोनेट चुरगळते तेव्हा ते कमअस्सल पत्र्याचे लक्षण नसते. तो पत्रा दुमडताना ऊर्जा स्वतःत जिरवत असतो आणि आतल्या माणसाला ते ६० सेंटिमीटर मिळवून देत असतो. इथे एक आक्षेप हमखास येतो: जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, त्या दणकट, आताच्या गाड्या डब्यासारख्या. या समजुतीची थेट परीक्षा झालेली आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटरने एकमेकींवर आदळवल्या. जुन्या, जाड पत्र्याच्या गाडीचे केबिनच आत कोसळले आणि तिच्या चालकाच्या जागेवरचा पुतळा माणूस असता तर बहुधा वाचला नसता. नव्या गाडीतल्या चालकाचे पायाच्या दुखापतीवर निभावले असते. गाडी शाबूत राहिली म्हणजे माणूस शाबूत राहिला, असे समीकरण नाही. या रचनेशी छेडछाड करणाऱ्या गोष्टी टाळणे हे त्यातून निघणारे व्यावहारिक शहाणपण. पुढे बसवलेला लोखंडी गार्ड चुरगळायच्या भागाला चुरगळू देत नाही, आघात थेट चासीकडे नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही फसवू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे. अपघातात सापडलेली गाडी स्वस्तात ठोकून, वेल्डिंग मारून, रंग देऊन पुन्हा रस्त्यावर आणली जाते तेव्हाही हेच घडते. बाहेरून ती नवी दिसते, पण चुरगळायची ताकद एकदा वापरून संपलेली असते. जुनी गाडी घेताना इंजिनापेक्षाही दरवाजांच्या मधले खांब, बोनेटखालचे पुढचे दोन्ही रेल आणि वेल्डिंगच्या खुणा माहीतगाराकडून पाहून घ्याव्यात.

पण गाडीने मिळवलेले हे अंतर माणसापर्यंत पोहोचवणारा दुवा एकच आहे, तो म्हणजे पट्टा. पट्टा लावलेला माणूस गाडीशी बांधला जातो, म्हणून गाडी जसजशी थांबत जाते तसतसा तोही थांबत जातो. पट्टा नसेल तर बोनेट त्याच्यासाठी फुकटच चुरगळले. ते चुरगळत असताना तो हवेतून पुढे निघालेला असतो आणि गाडी थांबून चुकल्यावर पूर्ण वेगाने आपटतो. व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आजचा तीन टोकांचा पट्टा तयार केला. त्याआधी ते विमानातल्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत होते, त्यामुळे शरीर किती जोर कुठे सोसते याची त्यांना जाण होती. कंपनीने पेटंट घेतले, पण ते सर्वांना वापरायला खुले ठेवले, आणि या निर्णयाने किती जीव वाचले याची मोजदाद अवघड आहे. नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते याचा पुरावाही त्याच दशकातला आहे. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या गाड्यावर स्वतः बसले, ताशी सुमारे १०१७ किलोमीटरपर्यंत गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. त्यांच्या शरीरावर वजनाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते बरे झाले आणि पुढे ८९ वर्षांचे होईपर्यंत जगले. ते वाचले कारण त्यांना आसनाशी पक्के बांधलेले होते. आजच्या पट्ट्यात आणखी दोन सुधारणा असतात. धडक जाणवताच एक लहानसा स्फोट पट्टा मागे खेचतो आणि कपड्यांतला, अंगावरचा ढिलेपणा काढून टाकतो. याला प्रीटेन्शनर म्हणतात. त्यानंतर छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लोड लिमिटर पट्टा थोडा थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. मात्र ही यंत्रणा पट्टा योग्य जागी असेल तरच कामाची. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. वरचा पट्टा मानेला घासत नको की खांद्यावरून घसरत नको, तो खांद्याच्या मधून छातीवर आडवा यायला हवा. गरोदर स्त्रियांनी पट्टा टाळायचा नाही. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा पट्टा पोटाच्या बाजूने, छातीच्या मधून घ्यायचा. सीट मागे पाडून झोपलेल्या माणसाच्या बाबतीत वरचा पट्टा छातीपासून लांब राहतो आणि धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकते; मग सारा जोर मऊ पोटावर येतो आणि आतडी, यकृत फाटतात. लांबच्या प्रवासात झोप येणारच, पण ती पाठ उभी ठेवून घ्यावी.

एअरबॅगबद्दलचे गैरसमज याहून खोल आहेत. गाडीत तिच्या झाकणावर इंग्रजीत जी तीन अक्षरे लिहिलेली असतात, एसआरएस, त्यांतच तिची जागा सांगितलेली आहे: ती पूरक यंत्रणा आहे, पट्ट्याला जोड म्हणून दिलेली. तिचा वेळेचा हिशेब पाहिला की हे लक्षात येते. सेन्सरला धडक ओळखायला एका सेकंदाचे काही हजारांश लागतात, पिशवी फुगायला साधारण ३० ते ५० हजारांश, आणि लगेच ती मागच्या छिद्रांतून रिकामी होऊ लागते. सारा अपघात पापणी लवते तेवढ्या वेळात संपतो. त्या वेळेत डोके नेमके फुगलेल्या आणि रिकामी होऊ लागलेल्या पिशवीवर यावे अशी आखणी असते, आणि ती आखणी माणूस पट्ट्याने मागे धरलेला आहे असे धरूनच केलेली असते. पट्टा नसेल तर, विशेषतः आधी ब्रेक मारला असेल तर, माणूस पिशवी फुगण्याआधीच स्टिअरिंगजवळ पोहोचतो आणि ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उघडणारी पिशवी त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर आदळते. पट्टा लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही, असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. बहुतेक गाड्यांत ती उघडते, आणि धोका तिथेच आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासांत पुढच्या सीटवरच्या पट्ट्याने मोटारीतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्के घटते असे दिसले. पट्ट्याशिवाय नुसत्या समोरच्या एअरबॅगने ती सुमारे १४ टक्केच घटते. एकच गोष्ट निवडायची वेळ आली तर कोणती निवडायची, ते या दोन आकड्यांवरून स्पष्ट आहे. चालकाने छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. उंची कमी असेल तर सीट पुढे ओढण्यापेक्षा ती वर घ्यावी आणि स्टिअरिंग छातीच्या रोखाने खाली वळवावे. डॅशबोर्डवर पाय टाकून बसलेल्या माणसाचे गुडघे पिशवी उघडताच चेहऱ्यावर येतात आणि मांडीचे हाड कमरेच्या खोबणीतून निखळते. सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीला बाहेरून जाड कव्हर शिवून घेतले तर ती पिशवी उघडायलाच जागा मिळत नाही. कव्हर हवेच असेल तर त्या जागी शिवण सुटणारे, त्याच गाडीसाठी बनवलेले घ्यावे. डॅशबोर्डवर चिकटवलेली मूर्ती किंवा अत्तराची बाटली एअरबॅगच्या झाकणावर असेल, तर उघडताना ती गोळीसारखी सुटते. श्रद्धेची वस्तू ठेवायला गाडीत दुसरी जागा मिळते.

आता मागच्या सीटकडे वळू, कारण आपल्या समाजात सगळ्यात मोठी चूक तिथे होते. मागे बसलेला सुरक्षित, ही समजूत इतकी मुरलेली आहे की मान असलेल्या माणसाला आपण मागे बसवतो आणि पट्टा लावा म्हणायला संकोचतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, सुरक्षेच्या सर्व सोयींची. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला, आणि त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. त्या घटनेनंतर काही आठवडे देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची सक्ती जाहीर केली, आणि मग हळूहळू सगळे पूर्ववत झाले. खरे तर मागच्या प्रवाशाने पट्टा लावणे ही केवळ त्याची खासगी बाब नाही. ६० किलो वजनाचा माणूस वर सांगितलेल्या १६ पट जोराने पुढे फेकला गेला तर तो पुढच्या सीटवर जवळजवळ एक टन वजनासारखा येतो. पुढचा माणूस पट्ट्यात असतो, समोर एअरबॅग असते, आणि मागून हा भार त्याला दोहोंच्या मध्ये चिरडतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरून २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो असे आढळले. सासऱ्यांना किंवा साहेबांना पट्टा लावायला सांगताना संकोच वाटत असेल, तर 'तुमच्यासाठी नाही, पुढे बसलेल्यांसाठी लावा' हे वाक्य शब्दशः खरे आहे आणि ते म्हणायला सोपेही जाते. इथे एक रास्त आक्षेप आहे: मागचा पट्टा पुढच्याइतका चांगला नसतो. ते खरे आहे. पुष्कळ गाड्यांत प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर पुढच्याच पट्ट्यांना दिलेले असतात, आणि हीच उणीव उघड व्हावी म्हणून वर उल्लेख केलेल्या अमेरिकी विमा संस्थेने २०२२ पासून आपल्या समोरच्या धडकेच्या चाचणीत मागच्या सीटवरही पुतळा बसवायला सुरुवात केली. पण साधा पट्टा उत्तम पट्ट्यापेक्षा कमी चांगला आहे, यावरून पट्टा नकोच असे निघत नाही. त्यातून निघते ते एवढेच, की गाडी घेताना 'मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आहे का, मधल्या प्रवाशाला तीन टोकांचा पट्टा आहे का' हे विचारावे. विक्रेत्याला हे प्रश्न वारंवार ऐकू आले तर कंपनीपर्यंत पोहोचतात. एअरबॅगचे प्रश्न असेच पोहोचले.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार पट्टा न लावल्यास १००० रुपये दंड आहे, चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यासही तेवढाच, आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटनाही नियम लागू आहे. पट्टा लावा म्हणून वाजणारी घंटी बंद करण्यासाठी रिकामी क्लिप खटक्यात खोचण्याची पद्धत पडली होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशा क्लिप विक्रीतून काढून टाकण्याचे आदेश दिले. कोणाच्या गाडीत अजून ती क्लिप असेल तर आज काढून टाकावी.

मुलांच्या बाबतीत तर आपली माया आणि भौतिकशास्त्र समोरासमोर उभे राहतात. मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून ठेवू, असे प्रत्येक आईला मनापासून वाटते. १० किलोचे बाळ १६ पट जोरात १६० किलोचे होते, तेही काहीही कळायच्या आत. कोणाच्याही हातात ती ताकद नाही. उलट आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचे स्वतःचे वजन बाळावर येते, आणि दोघांभोवती एकच पट्टा लावला तर तो बाळाला चिरतो. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेले बाळ एअरबॅगच्या झाकणापासून वीतभर अंतरावर असते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार जड आणि मानेची हाडे अजून कोवळी असतात, म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून, मागच्या सीटवर बसवायचे. धडकेत मग त्याची पाठ, मान आणि डोके एकत्र आसनात दाबले जाते आणि मान झटकत नाही. किमान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही, असेच ठेवावे. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेले आसन कधीही ठेवू नये. पुढे मूल सुमारे १३५ ते १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला उंच बसवणारे बूस्टर आसन लागते, कारण मोठ्यांचा पट्टा त्याच्या मानेवर आणि पोटावर येतो. बालआसन महाग वाटते हे खरे, पण बारशाला पाळणा, सोन्याची साखळी आणि कपड्यांचे ढीग येतात. दोन-तीन नातेवाइकांनी मिळून आसन दिले तर ते अनेक वर्षे वापरता येते. घेताना गाडीत आयसोफिक्सच्या कड्या आहेत का ते पाहावे, कारण त्यांत आसन खटकन बसते आणि चुकीचे बसवले जाण्याची शक्यता कमी होते. कधीच अपघातात न सापडलेले आसनच दुसऱ्या बाळाला द्यावे.

पट्ट्याविरुद्धचे जुने आक्षेप अजून ऐकू येतात. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकून मरू, ही भीती स्वाभाविक आहे. पण असे अपघात एकूण अपघातांत अत्यंत थोडे, आणि त्यांतही बाहेर पडायला शुद्ध हवी, हातपाय धड हवेत. त्यासाठी आधीच्या धडकेतून पट्ट्यानेच वाचवलेले असते. समाधान हवे असेल तर पट्टा कापायचे आणि काच फोडायचे छोटे हत्यार डिकीत न टाकता चालकाच्या हाताशी ठेवावे. दारातून बाहेर फेकला गेल्याने कोणी वाचल्याची गोष्ट गावोगावी सांगितली जाते. जे तसे मेले त्यांची गोष्ट सांगायला कोणी नसते. अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदींत गाडीबाहेर पूर्ण फेकल्या गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक दगावलेले आढळतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायचे आहे, या सबबीला वरच्या ३२ फुटांच्या हिशेबात उत्तर आहे. आणि हा प्रश्न परदेशी आकड्यांपुरता नाही: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला, त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे निम्मे मृत्यू स्टिअरिंगवर नसलेल्यांचे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो अभ्यासकांकडून आलेला आहे. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडले की सुरक्षित वाटू लागले की माणूस अधिक बेफिकीर चालवतो आणि यंत्रणांचा फायदा वाया जातो. नंतरच्या दशकांतल्या अभ्यासांत हा परिणाम सगळा फायदा गिळून टाकण्याइतका मोठा दिसला नाही, पण इशारा म्हणून तो आपल्या नव्या महामार्गांवर लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारत एनकॅपमध्ये समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने घेतली जाते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या ताशी १०० च्या मर्यादेत ती चाचणीच्या सुमारे अडीचपट होते, आणि समृद्धी महामार्गावरच्या १२० ला साडेतीनपट. पाच तारे या वेगांसाठी दिलेले नाहीत. शिवाय चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकाच्या उंचीवर असतो. पुढे उभ्या ट्रकची मागची बाजू तशी नसते. ट्रकला मागे नियमाप्रमाणे मजबूत आडवा दांडा नसेल तर गाडीचे बोनेट खाली घुसते आणि ट्रकचा सांगाडा थेट काचेवर, डोक्याच्या उंचीवर येतो. तेव्हा चुरगळायचा भाग चुरगळतच नाही आणि एअरबॅगही उशिरा किंवा अजिबात उघडत नाही. या एका प्रकारात गाडीतली बहुतेक यंत्रणा हतबल असते, म्हणून रात्रीच्या प्रवासात ट्रकच्या मागचे अंतर हीच खरी सुरक्षा. कमीत कमी तीन सेकंदांचे अंतर ठेवावे, कडेला गाड्या थांबलेल्या असतील असे धरूनच चालावे, आणि झोप येत असेल तर प्रवास थांबवावा.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत पण कराव्यात. हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या वरच्या पातळीला आणि डोक्याच्या जवळ हवे. ते मानेला टेकवायची उशी म्हणून खाली ठेवले तर मागून बसलेल्या धडकेत मान त्याच्यावरून मागे मोडते. डिकीतल्या वस्तू सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवाव्यात. मागच्या काचेजवळ ठेवलेली पाण्याची पाच लिटरची बरणी १६ पट जोरात ८० किलोची होते. मोठ्या अपघातात ताणलेला पट्टा दिसायला धड असला तरी बदलून घ्यावा. आणि मागच्या सीटवर कव्हर बसवलेले असेल तर हात आत घालून तिन्ही खटके वर काढावेत, धूळ पुसावी, प्रत्येक पट्टा एकदा पूर्ण ओढून झटका देऊन अडकतो का ते पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या वेळी गाडीत कोणी मागे बसेल तेव्हा त्याला खटका शोधावा लागणार नाही.